परतूर ते लंडन, व्हाया जांब समर्थ

त्या दुपारी तृप्ती झोपली होती, नळ गेला होता, समोरच्यांचा टीव्हीसुद्धा गप्प होता. अशा शांततेत फ्रिजवर चावी पडली. खण्ण. तृप्तीने कूस बदलली, पण उठली नाही. चावी गाडीची होती. तोवर आमच्याकडे गाडी नव्हती.

दारात माणसांपेक्षा जास्त सीटा उभ्या राहिल्या की त्या घराला जग पाहण्याची ओढ लागते, हा मानवी इतिहासाचा एक गंभीर नियम आहे. आमच्या घरात माणसं पाच: मी, माझे पती भागवतराव (परतूरच्या मोंढ्याजवळ ठिबकच्या नळ्यांचं दुकान), सासरे कारभारी आप्पा, सासूबाई गिरिजाबाई आणि बालवाडीत जाणारी तृप्ती. गाडी सात सीटांची, पांढरी, जुनी, पुण्याहून आणलेली. आधीचा मालक डॉक्टर होता. (महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी निदान नव्वद टक्के गाड्यांचा आधीचा मालक डॉक्टर असतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर का भेटत नाहीत याची चौकशी करणाऱ्या समित्यांनी गाडीबाजारात जाऊन यावं.)

उरलेल्या दोन सीटा रिकाम्या बघून भागवतरावांना चैन पडेना. थोड्याच दिवसांत त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक जोडपं स्वतःच्या गाडीने भारतातून थेट लंडनला गेलं होतं. बायको पुढच्या सीटवर बसून हात हलवत होती.

"जाऊन राह्यलो आपण," भागवतराव म्हणाले.

"कुठं?"

"लंडनला."

"कशानं?"

"गाडीनं. गाडी हाय ना आता."

इथे एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. कॉलेजात असताना मी हौसेने पासपोर्ट काढला होता. तो आजवर एकदाच वापरात आला, सिमकार्ड घेताना. संध्याकाळी मी तो कपाटातून काढला, पुसला आणि साड्यांच्या वर ठेवला. आधी तो साड्यांच्या खाली असे.

नियोजन माझ्याकडे आलं, कारण तृप्ती झोपते तेव्हा मी रिकामी असते असा घरात समज आहे. मी मार्ग काढला. परतूरहून नागपूर, तिथून गोरखपूर, नेपाळ, तिबेट, चीन, कझाकस्तान, रशिया, मग युरोप आणि शेवटी लंडन. पाकिस्तानातून जवळ पडलं असतं, पण तो रस्ता बंद आहे. (आप्पांच्या मते त्याला समृद्धी महामार्गाचा जोडरस्ता द्यायला हवा होता, मग आपोआप उघडला असता.) गाडीसाठीही पासपोर्टासारखं एक पुस्तक लागतं. गाडी परक्या देशात विकणार नाही, परत आणू, अशी त्यात हमी असते.

"पळून जाऊन तिकडंच कुणाशी लगीन करंल म्हणून भ्येत असत्याल," आप्पा म्हणाले.

मी वाचत असताना तृप्ती उठे आणि मांडीवर येऊन बसे. तिची मांडीवरची जागा ठरलेली आहे, उजव्या बाजूला, माझा हात तिच्या पोटावर. तिथून ती चौकशी सुरू करी. लंडन मंठ्याच्या पुढं आहे का? (आहे.) चीनमधले कुत्रे कसे भुंकतात? (आपल्यासारखेच, पण समोरच्याला कळत नाही.) बर्फ पडला तर गाडीला स्वेटर घालायचा का? (गाडीला नाही, तुला.) मी फार शिकलेली नाही, पण या वयाच्या मुलीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात, याचा मला अभिमान आहे.

पुढे जाण्याआधी वाचकांना आमच्या भागातला वाहतुकीचा मूळ कायदा माहीत असावा. तो कुठल्याही पुस्तकात नाही, पण मोटार वाहन कायद्याहून कडक पाळला जातो. त्याचं एकच कलम आहे: 'गाडी चाललीच हाय तर.' आमच्याकडे रिकामी सीट घेऊन गाव सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवणं. गाडी जालन्याला निघाली की गल्लीतून एक आजी, एक पोतं आणि कुणाच्या तरी मुलीचा डबा निघतो. दवाखान्यात पेशंट न्यायचा असला तरी पेशंटला सरकून बसायला सांगतात. या कायद्यात अंतराची मर्यादा घातलेली नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फार तर औरंगाबाद असावं.

तर गाडी लंडनला चालली होती. पुढील नेमणुका झाल्या.

चालक म्हणून भागवतराव. त्यांच्या शेजारी बबलू. बबलूचं जुन्या जालन्यात गॅरेज आहे आणि तो शेजारी नसला की भागवतरावांना गाडीतून येणारे आवाज ऐकू यायला लागतात. असला की तेच आवाज 'नॉर्मल' होतात. चीनमध्ये नॉर्मल म्हणायला कुणीतरी हवंच.

आप्पांची निवड गुणवत्तेवर झाली. कुठेही गेलं तरी गाडीपाशी कुणीतरी बसायला लागतं. बाकीचे देवळात जातात, एक माणूस गाडीत बसतो, दरवाजा उघडा टाकून एक पाय बाहेर ठेवतो. हे काम आप्पांनी अनेक वर्षं निष्ठेने केलं आहे. त्यांनी वेरूळ पाहिलं ते पार्किंगमधून, हैदराबाद पाहिलं ते पार्किंगमधून. आता सबंध युरोपखंड ते त्याच पद्धतीने पाहणार आहेत.

आप्पांना शुगर आहे, म्हणून सासूबाई. (सासूबाई त्यांना चोरून पेढे देतात, म्हणून शुगर आहे. पण हा वैद्यकीय विषय झाला.)

मग मंठ्याहून नणंदेचा, दैवशालाताईंचा फोन आला. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की भावाच्या गाडीत बहिणीला जागा नसंल तर न्हाई म्हण, मी काही म्हणून राह्यले का? भागवतराव घाईने म्हणाले, "तुझी सीट तर पयलीच धरली, ताई." त्यांनी ती सहावी धरली होती असं पुढे दिसून आलं, कारण पाचवी तोवर गेली होती.

पाचव्या सीटची हकीकत अशी. चीनमधून स्वतःची गाडी न्यायची तर तिथला सरकारमान्य मार्गदर्शक सोबत बसवावा लागतो, हे माझ्याच वाचनात आलं आणि मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं. घर क्षणभर गंभीर झालं. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे तो कुठला, कशाला, असं विचारत नाहीत.

"खिडकीपाशी बसवा त्याला," सासूबाई म्हणाल्या. "मधी आवघडंल बिचारा. आन् ज्वारीची भाकर चालंल का त्याला? न्हाईतर गव्हाचं पीठ येगळं घ्यावं लागंल."

या माणसाला अजून नाव नाही, चेहरा नाही, आणि चीनची सरहद्द येईपर्यंत तो गाडीत बसणारही नाही. पण खिडकी मात्र परतूरपासून त्याची.

सातवी सीट पाडली. तिच्यावर ज्वारीचं पीठ, गॅसची शेगडी, लोणच्याची बरणी, शेंगदाण्याचा कूट आणि पाण्याचा जार बसला. पाण्याचा जार घेऊन चाललोय, हे रशियातल्या नद्यांना अपमानास्पद वाटू शकतं. पण सासूबाईंना बाहेरचं पाणी बाधतं. जवळच्या अंबडचंसुद्धा बाधतं.

"आणि तृप्ती?" मी विचारलं.

"तिला कशाला सीट लागती? ती बसंल मांडीवर," सगळे एका आवाजात म्हणाले. लेकरू कुणाला नको होतं असं अजिबात नाही. उलट ते सगळ्यात आधी धरलेलं होतं.

मोहीम जाहीर झाल्यावर सराव दौरा घ्यायचं ठरलं. सरावाला जांब समर्थ नक्की केलं. देवदर्शन होतं, रस्त्याला खड्डे आहेत आणि संध्याकाळी परत येता येतं. तिबेटचं पठार म्हणजे याहून वेगळं काय असणार, असं बबलूचं मत पडलं. चिनी साहेबाच्या जागी दुकानातला राधेश्याम बसवला, म्हणजे त्या सीटची सवय होईल. तृप्तीला बालवाडीतून आणायचं होतं, म्हणून आम्ही दोघी घरी राहिलो. कुणी 'राहा' म्हटलं नाही. गाडीची दारं लागली तेव्हा मी अंगणात होते, एवढंच.

दुपारी फोन वाजला.

"वहिनी, तुळशीपाशी जॅक हाय का बघा."

"आहे. इथं काय करतोय तो?"

"मीच काढून ठेवल्ता," बबलू म्हणाला. "लोणच्याची बरणी बसंना. मंग म्हणलं, जॅक काय रोज लागतो का? लोणचं रोज लागतं."

टायर बसलं होतं. मी जॅक स्कूटीवर पायाशी ठेवला, तृप्तीला पुढे उभं केलं आणि निघाले. वारा लागल्यावर तृप्तीने विचारलं, "आई, निघालो का आपण लंडनला?" मी म्हटलं, "हो." (अंतर कमी होत होतं, खोटं म्हणता येणार नाही.) ती हात सोडून ओरडली. मीही थोडी ओरडले. रस्त्यावर कुणी नव्हतं. सरकीच्या एका ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं, तर मी हात हलवला. पुढच्या सीटवरून हलवतात तसाच.

मोहीम एका लिंबाखाली थांबलेली होती. सासूबाई आणि दैवशालाताई चादर टाकून धपाटे खात होत्या. आप्पा कलंडलेल्या गाडीत एक पाय बाहेर ठेवून गाडी राखत होते. राधेश्याम चिनी सीटवर तसाच बसून होता, कारण त्याला उतर असं कुणी सांगितलं नव्हतं. तो सकाळपासून एक शब्दही बोलला नव्हता, यावरून त्याचं काम चोख होत असल्याचं सर्वांचं मत झालं.

बबलूने टायर बदललं. भागवतरावांनी हात पुसले, सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर ते असं करत नाहीत.

"बघितलं का? हिच्यामुळं निभावलं आज. मी म्हणून राह्यलो ना, घरी कुणीतरी लागतंच. सगळेच आलो असतो तर जॅक कुणी आणला असता?"

"बराबर हाय," आप्पा गाडीतून म्हणाले.

"वहिनी म्हंजे आपलं हेड ऑफिस," बबलू म्हणाला.

या युक्तिवादात मला अजून एकही चूक सापडलेली नाही. कझाकस्तानात टायर बसलं तर स्कूटीने पोचायला किती वेळ लागेल, एवढा किरकोळ तपशील ठरायचा आहे. आम्ही दोघी स्कूटीवरून जांब समर्थला गेलो. गाडीच्या आधी पोचलो, दर्शन घेतलं, प्रसादही खाल्ला. मग पार्किंगमध्ये त्यांची वाट पाहिली.

आज मोहिमेची प्रगती समाधानकारक आहे. गाडीच्या काचेवर 'परतूर ते लंडन' असं लिहून झालं आहे. दैवशालाताईंनी थंडीचे कपडे घेतले आहेत. मी हळूच विचारणा केली तेव्हा असं निष्पन्न झालं, की संघातल्या एकाकडेही पासपोर्ट नाही. (चिनी साहेबाकडे असावा.)

"ते होतंय," भागवतराव म्हणाले. "तू कसा काढल्ता, ते सांग फक्त."

सांगितलं.

काल रेल्वे फाटकाजवळ शुभेच्छांचं बॅनर लागलं. जाण्याआधीच लावणं सोयीचं, परतल्यावर गर्दी असते. संध्याकाळी मी तृप्तीला घेऊन पाहायला गेले. वर भागवतराव आणि बबलू, गॉगल लावून. मध्ये आप्पा, सासूबाई, दैवशालाताई. चिनी साहेबाचा फोटो मिळत नव्हता, म्हणून बॅनरवाल्याने नेटवरून टाय घातलेला एक हसरा गृहस्थ उतरवून घेतला आहे. खाली, कोपऱ्यात, तृप्ती. तिचा तो फोटो तिच्या वाढदिवसाचा. त्यात ती माझ्या मांडीवर आहे. बॅनरवाल्याने जागा कमी पडल्यामुळे मला व्यवस्थित कापून काढलं, पण तृप्तीच्या पोटावरचा माझा हात त्याला काढता आला नसावा. तेवढा राहिला आहे, हिरव्या बांगड्यांसकट.

चाणाक्ष वाचकांनी सीटा माझ्याबरोबर मोजल्या असतीलच. चिनी साहेबाला खिडकी मिळाली याचं समाधान मानलं असेल, भाकरीची काळजी केली असेल, जॅक तुळशीपाशी राहिला तेव्हा हसूही आलं असेल. आणखी कुणी बसायचं राहिलंय, असं काही आपल्याला वाटलं नाही. वाटलं असतं तर आपण नक्की सरकून जागा केली असती. आमच्याकडे सगळेच करतात.

तृप्ती बॅनरकडे मान वर करून बराच वेळ पाहत होती. एकेका चेहऱ्यावर बोट नेत होती. सरतेशेवटी तिने माझी बांगडी धरली आणि बॅनरवरच्या बांगडीकडे पाहिलं.

"आई, मंग गाडीत मी कुणाच्या मांडीवर बसू?"