बहादूरचा करारनामा

परदेशी कामगाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला राखणीला ठेवू नये, असा ठराव पावसच्या आंबा बागायतदारांच्या सभेत झाला. परदेशी म्हणजे आमचे नेपाळी. मसुद्याचे काम एकमताने माझ्याकडे आले. बावीस वर्षे कुवेतमध्ये मी स्वतःच परदेशी कामगार होतो, एवढीच माझी पात्रता.

तिथल्या करारावर मी अंगठा दिला होता. कशावर दिला ते कळावे म्हणून पन्नाशीत अक्षरे शिकलो. आता ट्रंकेतून त्याच कराराची, एजंटने दिलेली मराठी प्रत काढली आणि सुवाच्य अक्षरात उतरवली. मालकाच्या परवानगीवाचून हद्द सोडू नये. ओळखपत्र मालकाकडे राहील. रजा दोन वर्षांनी, लेखी अर्जावर. वाळूच्या वादळातही काम चालू राहील, हेसुद्धा ठेवले. कायद्यात काटछाट करणारा मी कोण?

कामगाराचे नाव : बहादूर. त्याने अंगठा दिला, मी त्याचे कार्ड न बघताच ट्रंकेत टाकले. करार वाचून दाखवला नाही. मलाही कुणी दाखवला नव्हता.

ऐन हंगामात तो दारात आला. "चाचा, आई लय आजारी हाय. कार्ड द्या, जातो."

"लेखी अर्ज कर."

"लिवता नाय येत."

मी दयाळू आहे. अर्ज मीच लिहून दिला, मीच वाचला आणि मीच नामंजूर केला.

माझी बायको खुर्शीद चुलीपुढून उठली. "तुमचे अब्बा वारले तेव्हा तिथल्या मालकाने सोडलं नाय म्हणून अजून रडता ना?"

"मी नियमाने चाललोय."

"मग नियमाने कार्ड तरी बघा. माणूस तोच हाय कशावरून?"

हरकत बिनतोड होती. ट्रंक उघडली. नेपाळी कार्डावरची अक्षरे आपलीच, त्यामुळे वाचता आली : लोकराज पुन.

"सात हंगाम बागेत आहेस. बोलला नाहीस?"

"कोणी विचारलाच नाय, चाचा."

करार बहादूरशी झालेला. लोकराज नावाच्या इसमाला अडवण्याचा मला अधिकारच नव्हता. कार्ड हातात देऊन त्याला स्टेशनवर सोडले.

करारातला बहादूर मात्र जागेवर हवा. म्हणून राखणीला मी बसलो. दुसऱ्याच दिवशी बागेच्या दगडी गडग्यापाशी मुंबईची गाडी थांबली. "ए बहादूर! शेठ आहेत का?"

"बघून येतो, साहेब," म्हणत मी उठलोसुद्धा. बावीस वर्षांची सवय.

हसा खुशाल. पण आधी तुमच्या इमारतीच्या दारात बसतो त्याचे नाव सांगा. बहादूर सोडून.