वामनगुरुजींचा अकरावा ग्रंथ

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सकाळी फुलं तोडत होतो. शेजारच्या खिडकीतून वामनगुरुजींचा खणखणीत आवाज आला. मी परडी खाली ठेवली, चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. शेवटी ‘प्रिंटएफ’ ऐकू आलं तेव्हा कळलं, आपण सी भाषेतल्या प्रोग्रॅमला नमस्कार करतोय.

पंचवटीत गुरुजींची पिढीजात भिक्षुकी. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ती सोडली आणि कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून अख्खा प्रोग्रॅम पाठ. ‘महिरपी कंस उघडला... अर्धविराम... महिरपी कंस मिटला.’ आधी सरळ, मग दोन-दोन शब्दांच्या जोड्या लावून, वेद म्हणतात तसा.

क्लासचे सर म्हणाले, ‘गुरुजी, ती शेंडी तरी कापा.’

‘का? कीबोर्डला लागते?’

अंबडच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेही धोतरावर.

‘शिक्षण?’ साहेबांनी विचारलं.

‘दशग्रंथी.’

‘आणि कॉम्प्युटर?’

‘तो अकरावा ग्रंथ.’

साहेब हसले. ‘अहो, पण या वयात?’

‘नोकरी मागतोय, तुमची मुलगी नाही.’

साहेबांनी दोन पानी बिघडलेला प्रोग्रॅम हातात ठेवला. ‘चूक शोधून सोमवारी या.’

घरात मात्र ही मिजास चालत नव्हती. घरात दोघंच, गुरुजी आणि अंथरुणाला खिळलेले त्यांचे वडील, अण्णा. लहानपणी वेदांची संथा त्यांनीच दिलेली. भिक्षुकी सोडल्या दिवसापासून अण्णांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. आठ महिने. गुरुजी भरवायचे, अंग पुसायचे. अण्णा भिंतीकडे बघायचे.

‘इतक्या मोठ्यानं कशाला म्हणता?’ मी एकदा विचारलं.

‘संथा मनात म्हणत नाहीत,’ म्हणाले आणि त्यांनी पावसापाण्याचं काढलं.

रविवारी सकाळी गुरुजी थेट आमच्या स्वयंपाकघरात. ‘चूक सापडली.’

‘वा! अभिनंदन!’

‘मला नाही. अण्णांना.’ बायकोनं पाणी दिलं. ‘चार दिवस घोकत होतो. आज आतून ओरडले, गाढवा, नऊ महिरपी उघडतोस आणि आठच मिटतोस!’

‘म्हणजे उद्या नोकरी पक्की!’ मी म्हणालो. गुरुजींनी मुलाखतीतल्या साहेबाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. (नोकरी लागली. पण त्या सकाळी तो विषयच नव्हता.) ‘अण्णांचा चहा व्हायचाय,’ म्हणून ते निघून गेले.

‘आठ महिन्यांनी बोलले, तेही गाढवा?’ मी बायकोला म्हटलं.

‘गाढवा म्हणाले ना?’ ती म्हणाली. ‘मग गेला त्यांचा राग.’