व्याह्यांसाठी पानगळ

धनराजभाऊ रामटेक्यांनी सकाळी चहा पिता पिता मोबाइलवरून एक फोटो पुढे ढकलला आणि कप रिकामा व्हायच्या आत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

फोटो परदेशातल्या कुठल्याशा बागेचा होता. लालभडक झाडं, खाली पिवळ्या पानांचा गालिचा. पोंभुर्ण्याच्या पोस्टातून नुकत्याच निवृत्त झालेल्या धनराजभाऊंनी तो नागभीडच्या बापूराव खोब्रागड्यांना धाडला. बापूरावांच्या मुलाशी, पवनशी, धनराजभाऊंच्या लेकीचं, निशाचं, लग्न जवळजवळ जमलं होतं. होणाऱ्या व्याह्यांना नुसता फोटो काय पाठवायचा, म्हणून त्यांनी खाली लिहिलं, 'सकाळी सकाळी बागेत.'

लगेच उत्तर आलं. 'वा! तुमची बाग? रविवारी दोघंही पाहाले येतो. हिले बागेचा लय शौक आहे.'

खुलासा लिहायला गेलेल्या धनराजभाऊंच्या अंगठ्याखाली घाईत हात जोडल्याचं चिन्ह दबलं, आणि गेलंही.

"हात काऊन जोडले?" बायकोने, ललिताबाईंनी, विचारलं.

"घाबरलो."

"मंग आता फोन करून खरं सांगा ना."

"काय सांगू? पोरीचा बाप फेकाफेकी करते म्हणून?"

तेवढ्यात चंद्रपूरहून निशाचाच फोन आला. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती. पवनने तिला सगळं कळवलं होतं. "बाबा, आपल्या घरी कुठी बाग आहे? अन् पवनच्या आईले बाकी सगळं चालते, खोटं बोलणारा माणूस चालत नाई."

आता तर खरं सांगायची सोयच उरली नाही.

अंगणात होतं काय? एक सीताफळ, एक पेरू, दोन जास्वंदी आणि ललिताबाईंचा वालाचा वेल. सगळं हिरवंगार. शरद लागला होता, पण इकडचा शरद हिरवाच. जंगलातला सागसुद्धा पानं टाकतो ते होळीच्या सुमारास. झाडांना व्याही येताहेत हे कोण सांगणार?

काही सुचावं म्हणून ते स्कूटर काढून जंगलाच्या कडेला गेले. एखादं तरी झाड लाल दिसेल, ही आशा. लाल काही दिसलं नाही. एक वठलेलं झाड मात्र दिसलं. अंगावर पान नाही, बुंध्याशी वाळका पाचोळा. ते टक लावून पाहत होते तोच वरून वानर खेकसलं. वानर असं खेकसतं ते वाघ दिसल्यावर, हे पोंभुर्ण्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक. धनराजभाऊंनी स्कूटर वळवली ती थेट घरी. पण कल्पना सोबत आली होती. झाड लाल करता येत नाही, बोडकं तर करता येतं!

शनिवारी ते शिडी लावून सीताफळावर चढले.

"काका, झाडाले बोडकं काऊन करून राह्यले? कीड लागली का?" शेजारच्या मिथुनने कुंपणावरून विचारलं.

"बाग करून राह्यलो," काका वरूनच खेकसले.

संध्याकाळी झाडावर नुसती फळं लोंबत राहिली. पानं खाली आली, पण हिरवीच. मग ललिताबाईंचा हळदीचा डबा आला. बादलीभर पाण्यात हळद कालवून धनराजभाऊंनी पानांवर सडा घातला. ललिताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीच्या अंगाले लावाची हळद जमिनीले लावून राह्यले. चांगलं लक्षण नाई हे."

रविवारी उजाडताच मिथुनच्या कोंबड्या आल्या. त्यांनी गालिचा यथेच्छ उकरला, त्यात लोळल्या आणि घरी गेल्या. गल्लीत एकच बोंब उठली. मिथुनच्या कोंबड्यांना कावीळ झाली! कुणी म्हणालं साथ आहे, कुणी घरातली अंडी फेकली. मिथुन ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आला. पिवळ्या पायांचा माग काढत डॉक्टर आणि अर्धी गल्ली धनराजभाऊंच्या अंगणात शिरली, आणि मागोमाग फाटकाशी बापूरावांची गाडी थांबली.

डॉक्टरने कोंबडी नाकाशी धरली. "हळद आहे जी. मीठ-मिरची तेवढी राह्यली."

गल्ली हसत पांगली. धनराजभाऊ हात जोडून उभे. पवनची आई माधवीबाई अंगणात शिरल्या आणि थेट बोडक्या सीताफळाभोवती फिरू लागल्या. बापूरावांनी धनराजभाऊंना दंडाला धरून न्हाणीमागे नेलं.

"भाऊ, खरं सांगा. तो फोटो तुमचा नाई ना?"

धनराजभाऊंनी पुन्हा हात जोडले. "नाई जी. चुकलं माझं. पण पोरीचा काही दोष..."

"नाई ना?" बापूरावांचे डोळे भरून आले. "सुटलो बाप्पा! फोटो आला तवापासून हिनं मले अंगण खोदाले लावलं. कंबर गेली माझी. म्हणे, त्याहीच्या घरी होते, आपल्या घरी काऊन नाई? आता जाऊन सांगा तिले, का असं काही होत नाई म्हणून."

दोघंही छाती काढून पुढे आले. धनराजभाऊंनी घसा खाकरला. "वयनी, खरं सांगतो. तो फोटो परदेशातला. आमची बाग हे एवढीच."

माधवीबाईंनी मान वर केली. "मले का समजत नाई? पण पाव्हण्यासाठी हातानं एकेक पान तोडून असं करणारा माणूस मी आजवर पाह्यला नाई. निशा आमची झाली, समजा." मग झाडावरच्या उघड्याबोडक्या सीताफळांकडे पाहत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कसं मोकळं दिसते पाहा. फळं कशी एकदम नजरेत भरते. अहो, आपल्या घरी सीताफळाची झाडं किती आहे?"

बापूरावांनी धनराजभाऊंकडे पाहिलं. खाटकाकडे बकरा पाहतो तसं.

"बारा," ते म्हणाले.