समोरासमोर बोलून ये

"प्रश्न किती काढलेस?" बाबांनी विचारलं.

"सतरा," धाकटी म्हणाली.

"वाच बघू."

धाकटीने वही उघडली, घसा खाकरला आणि वही मिटली. "तिथेच वाचेन ना."

बाबा वकील होते. घरात त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. आईने तर लग्नानंतर महिन्याभरातच तो नाद सोडला होता. धाकटीने कायदा शिकावा असं बाबांचं म्हणणं, आणि धाकटीला व्हायचं होतं दातांची डॉक्टर. अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. अर्जावर बाबांची सही हवी होती आणि सहीसाठी बाबांनी एकच अट घातली होती. त्या पेशात केस पांढरे झालेल्या माणसाशी समोरासमोर बोलून ये. फोन नाही, चिठ्ठी नाही. बोलून आलीस तर सही, नाहीतर कायदा.

अट साधीच. पण अनोळखी माणसाशी बोलायची धाकटीला फार भीती वाटे. दुकानदाराने निळ्याऐवजी हिरवं पेन दिलं, तर ती मुकाट्याने हिरवं घेऊन येई आणि वर्षभर हिरव्या शाईत लिही. दातांची डॉक्टर होण्याचं खरं कारण तिने म्हणूनच कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या माणसाला तोंड उघडं ठेवूनही बोलता येत नाही, असा हा एकच पेशा तिला सापडला होता.

आईने परस्पर दातांच्या एका डॉक्टरांना फोन करून दुपारी दोनची वेळ ठरवली. धाकटी पावणेदोनलाच दवाखान्यात हजर झाली. बाहेरच्या बाकावर गालाला मफलर गुंडाळलेले एक काका बसले होते. आतल्या यंत्राचा आवाज आला की ते डोळे मिटून घेत.

"तुझी कुठली दाढ?" काकांनी विचारलं.

"कुठलीच नाही. मला डॉक्टरांशी नुसतं बोलायचंय."

काकांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "मग तूच आधी जा! सावकाश बोल. सगळं विचार. मला मुळीच घाई नाही."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "पुढचा पेशंट!" मदतनीस बाईंनी आतूनच हाक मारली आणि त्या हत्यारं उकळायला मागच्या खोलीत गेल्या. काकांनी धाकटीला जवळजवळ ढकललंच.

डॉक्टर पन्नाशी उलटलेले, पांढऱ्या केसांचे, उंच आणि किंचित पोक आलेले होते. वही छातीशी धरून उभी असलेली मुलगी पाहून ते एक पाऊल मागे सरले.

"तू... ती प्रश्नवाली का?"

धाकटीने मान हलवली. मग सगळा जीव गोळा करून पहिला प्रश्न वाचला. "आपण हा व्यवसाय का निवडलात?"

"का म्हणजे..." डॉक्टरांनी स्वच्छ आरसा पुन्हा पुसला. "दात असतात ना. माणसांना."

धाकटीने 'दात असतात' असं लिहून घेतलं. पुढे काय करावं ते दोघांनाही कळेना. या वेगाने सतरा प्रश्न संपायचे नाहीत, सही मिळायची नाही आणि जन्मभर काळा कोट घालून बोलत बसावं लागेल, या विचाराने धाकटीच्या तळहातांना घाम फुटला. डॉक्टरांच्या तर कपाळालाही फुटला होता.

"असं करू या का," डॉक्टर शेवटी म्हणाले, "तू खुर्चीत बस. आणि जरा आ कर. तोंड मिटलेलं माणूस समोर असलं की मला काही सुचत नाही बघ."

धाकटी बसली, मागे रेलली आणि तिने आ केला. डॉक्टरांनी दिवा ओढला आणि त्यांची रसवंती सुरू झाली.

"का निवडला म्हणतेस? खरं सांगू? मला माणसांशी बोलायची भीती वाटायची. म्हटलं, इथे बरंय, कुणी उलट बोलत नाही. एकतीस वर्षं झाली. आता घरी बायको म्हणते, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर न ऐकताच निघून जाता!"

धाकटी थक्क होऊन ऐकत होती. अगदी तिच्याच मनातलं कुणीतरी दिव्याखाली धरून वाचत होतं. तेवढ्यात मदतनीस बाई ताट घेऊन आल्या. त्यांनी पुढच्या पेशंटचं कार्ड पाहिलं. उजवीकडची खालची दाढ, आधी बधिर करणे. खुर्चीत माणूस होतं, तोंड उघडं होतं, डॉक्टर बोलत होते. सगळं रोजच्यासारखं होतं. त्यांनी धाकटीच्या गळ्याशी कागदी रुमाल अडकवला आणि डॉक्टरांच्या पसरलेल्या हातात इंजेक्शन ठेवलं. आणि हातात आलेली वस्तू, बोलणं न थांबवता, योग्य जागी वापरायची डॉक्टरांना एकतीस वर्षांची सवय होती.

"आँ! आँ!" धाकटी ओरडली.

"बरोबर आहे तुझं," डॉक्टर म्हणाले. "हाच प्रश्न मलाही पडायचा. भीती जाते का? तर भीती जात नाही. पण इथे येणारा माणूस आपल्याहून जास्त घाबरलेला असतो. त्याला धीर देता देता आपली भीती बाजूला राहते. झालं, दुखलं नाही ना?"

धाकटीने दोन्ही हात हलवले. डॉक्टरांना ते कौतुक वाटलं. पाच-दहा मिनिटं ते आणखी रंगात येऊन बोलले. मग बाईंनी दिलेलं फिरतं यंत्र सुरू करून ते वाकले आणि तसेच थांबले.

"बाई, ही दाढ तर ठणठणीत आहे."

"शेजारची असेल," बाई म्हणाल्या.

"शेजारचीही ठणठणीत आहे. कार्ड बघा."

बाईंनी कार्ड वाचलं. "पुरुष. वय अठ्ठावन्न." मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि कार्ड हळूच पाठीमागे धरलं.

यंत्र बंद झालं. डॉक्टर स्टुलावर मटकन बसले. "अरे देवा! बाळ, माझी चूक झाली. नुसतं बधिर केलंय गं, तीन तासांत उतरेल. तुझे वडील काय करतात?"

धाकटीचा अर्धा चेहरा तिचा राहिला नव्हता. तिने वहीत लिहून दाखवलं: 'वकील'.

डॉक्टर तो स्वच्छ आरसा पुन्हा पुन्हा पुसू लागले. धाकटीला आता त्यांचीच दया आली. तिने त्यांचा हात धरून थोपटला, दोनदा, तीनदा, तो थांबेपर्यंत. आणि मग तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपल्याला भीती वाटलेलीच नाही.

दाराआडून सगळं ऐकत असलेला मफलर आत डोकावला. "माझं इंजेक्शन झालं म्हणे? मग निघू मी?"

बाईंनी काकांना दंडाला धरून आत घेतलं.

सव्वातीनला धाकटी घरी पोचली. तिचा गाल पाहून आईने हातातलं गाळणं तसंच ठेवलं. बाबा खुर्चीत अर्ज मांडून बसले होते.

"बोललीस?"

धाकटीने वहीत लिहिलं: 'डॉक्टरच बोलले. माझं तोंड बधिर आहे.'

"म्हणजे तू बोलली नाहीस. अट मोडली. कायदा!" बाबा म्हणाले आणि सवयीने प्रत्युत्तराची वाट पाहू लागले. ते येईना. "आता तू म्हणशील, माझा काय दोष? मान्य. पण अट ती अट. यावर तू म्हणशील, अट होती ती त्यांचं ऐकून समजून घेण्यासाठीच ना? हंऽ, हा मुद्दा चांगला आहे."

धाकटी गाल धरून नुसती बघत होती. समोरचा पक्ष गप्प असल्यामुळे बाबांना दोन्ही बाजू एकट्यानेच लढवाव्या लागत होत्या. ते उठून तासभर येरझाऱ्या घालत राहिले. खोलीच्या एका टोकाला ते बाबा होते, दुसऱ्या टोकाला धाकटी, आणि दुसऱ्या टोकाची बाजू हळूहळू वरचढ होत होती.

"तू म्हणशील, कोर्टात उभं राहायची भीती वाटते. अगं, मला नाही वाटत? बावीस वर्षं झाली, अजून तारखेच्या दिवशी माझ्या घशाखाली घास..."

बाबा थांबले. आई दारात उभी होती.

"म्हणून डबा भरलेलाच परत येतो होय!" आई म्हणाली. "आणि मी मेली, मीठ कमी पडलं का म्हणून चाखत बसते!"

"मान्य. हरलो मी," बाबा म्हणाले. मग त्यांनी पेन काढून अर्जावर सही केली. आईने लगेच अर्जाचा फोटो काढून मोबाइलवरून कॉलेजला पाठवून दिला. पाच वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती.

तरी बाबा बोलतच होते. पहिल्या खटल्यात आपण न्यायाधीशांना घाबरून चुकून 'आई' म्हणालो होतो, हे ते कधी नव्हे ते घरात सांगत होते आणि स्वतःच हसत होते. पावणेपाचला धाकटीचा ओठ जागा झाला. जीभ फिरवून तिने खात्रीही करून घेतली. पण बाबांचं सांगून व्हायचं होतं, म्हणून ती तशीच, गाल धरून बसून राहिली.