चार्जिंगचा बिघाड आणि जावयाचा मान

गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तेव्हा बिघाड आपणच काढायचा असं मी ठरवलं. मी वाशीमला कारकून आहे. पंधरा वर्षं फायलींतल्या चुका काढतोय, गाडीतली एक काढणं काय अवघड?

फक्त हा दिवा लागला सासुरवाडीला, किन्हीराजात. आणि दुसऱ्या दिवशी बाराला मेहुणी तनुजाची वाशीमला मुलाखत होती. आयटीआयमध्ये गाड्यांच्या विजेचं काम शिकवायची जागा. या बोलावण्याची तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. "जावयाची गाडी दारात असताना एसटी कशाला?" हे मीच म्हणालो होतो.

सकाळी गाडी चालू होईना. सासरे रंगराव वांग्यांना पाणी द्यायचं सोडून धक्का द्यायला आले. इंजिन सुरू झालं. मी बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्ट.

"भाऊजी, इंजिन चालू असतानी चौदा पाह्यजे," तनुजा म्हणाली. "चार्जिंग होऊन नाही राह्यली. पट्टा..."

"तने!" सासूबाई ओरडल्या. "जवाईबापूले टोकू नाही!"

मी बॅटरीत पाणी घातलं. टर्मिनल घासले. फ्यूज बदलला (तो वायपरचा निघाला). शेजारच्या उदयसिंगच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. नंतर ती उदयसिंगलाही उपयोगी राहिली नाही. इंजिनातून चीं चीं आवाज येत होता, म्हणून झाडावरच्या चिमण्या हाकलल्या.

"बापू, सव्वादहा झाले," रंगराव हळूच म्हणाले.

"मीटर खराब आहे," मी म्हणालो.

तनुजाचे डोळे भरून आले होते. मला मनापासून लाज वाटली. पण मान तुकवायची सवय नव्हती, म्हणून मी दुसरा फ्यूज काढला.

शेवटी माझी बायको सुप्रिया उठली. "आई, तुह्या जवायाचा मान मी पाह्यतो. तने, पाना घे!"

तनुजानं साडीचा पदर खोचला, इंजिन बंद केलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, लाकडी दांड्यानं त्याला रेटून ढिला पट्टा ताणला, बोल्ट आवळला. रंगरावांनी पुन्हा धक्का दिला. चिमण्या गप्प झाल्या, दिवा विझला, मीटर चौदावर गेला. बाराला पाच कमी असताना आम्ही पोचलो.

दोन वाजता ती कॅन्टीनमधले पेढे घेऊनच बाहेर आली; निवड झाली होती.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"चार्जिंगचा बिघाड शोधतानी लोकं चुका करतात, त्यातल्या पाच सांगा म्हने."

"सांगितल्यास?"

"पाचावर साहेबानं पुरे म्हटलं. मी म्हटलं, थांबा साहेब, आमच्या भाऊजीचं अजून संपलं नाही."