सूर्याला कवच घालणारे गोविंदपंत

श्रावण वद्य तृतीया. सर्दाळलेली तुरीची डाळ पाखडायला घेतली, तोच शेजारचे गोविंदपंत वही घेऊन ओसरीवर आले. “वहिनी, सूर्याला चहूबाजूंनी बंद करता येईल. तत्त्वतः शक्य आहे!”

सूर्याशी त्यांचं वैर नव्हतं. ते कल्याणच्या शाळेत गणित शिकवत. सूर्याचं ऊन दाही दिशांना सांडतं, ठाण्याच्या मिठागरांवर पडतं ते थेंबभर, बाकी सगळं वाया, हे त्यांना पाहवत नसे. म्हणून चार-दोन ग्रह फोडायचे, त्या मालाचं पोकळ कवच सूर्याभोवती बांधायचं आणि माणसांनी आतल्या अंगाला राहायचं. स्वतःच्या घराची कौलं मात्र दोन वर्षं शाकारलेली नव्हती.

मागे एकदा मी विचारलं, “गवंड्यांची परांची कशावर उभी करणार?” आठ दिवस फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले. “तत्त्वतः परांची लागत नाही.”

“आणि ते सूर्यावर पडलं तर?”

“सगळीकडून सारखीच ओढ, वहिनी. कुठल्या बाजूला पडावं, हेच त्याला ठरवता येणार नाही.”

“म्हणजे आमच्या इकडच्या स्वारीसारखं.”

या कवचावर ते कादंबरीही लिहीत होते. तीत रात्र नव्हतीच. मग बायकांनी चूल सारवून पाठ टेकायची कधी, याचा विचार नायकाने केलेला नव्हता.

पण आज माझं डोकं फिरलं. त्यांच्या विधवा बहिणीचा, आक्कांचा, चातुर्मासाचा नेम होता: सूर्य दिसल्याशिवाय अन्न नाही. तीन दिवस आभाळ उघडत नव्हतं. काल आक्का विहिरीवर घेरी येऊन पडल्या.

“घरात बहीण उपाशी मरतेय, आणि तुम्ही सूर्य झाकायला निघालात? लाज वाटत नाही, पंत?”

त्यांनी वही उघडली. अक्षरं थरथरत खाली गेली होती. “आतल्या बाजूला ढगच नसतात, वहिनी. सूर्य आणि माणूस, मध्ये काही नाही. आक्काला हे वाचून दाखवतो. ऐकता ऐकता तिला झोप लागते.”

वही मिटताना त्यांचा तोल गेला; त्यांनी ओसरीचा खांब धरला.

“तुम्ही कधी जेवलात?”

ते खाली पाहू लागले. नेमांना आयुष्यभर हसलेला माणूस.

“मी… तत्त्वतः जेवलो आहे.”

मी सूप बाजूला ठेवलं. बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. मी रक्तचंदन उगाळलं, रथसप्तमीला काढतो तसा पाटावर सूर्य काढला आणि मऊ भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या घरी गेले. आक्का म्हणाल्या, “अगं, हा खरा नव्हे.”

“रथसप्तमीला याच्याच पाया पडता ना? तेव्हा खरा असतो, मग आज का नाही? नमस्कार करा.”

आक्कांनी पाट जवळ ओढला. मग हात जोडले.

मी दोन पानं मांडली.