सेमिसीचं प्रमाणपत्र आणि आत्याचा मान

इथला नागरिक होऊन सेमिसीला काय काय मिळणार, याचा हिशेब मीच त्याला मांडून दिला होता. एक निळा पासपोर्ट. मतदानाचा हक्क. नगरपालिकेकडून कुंडीत लावायला एक रोप. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे आमच्या टोंगन मुलखात, वावाउ बेटावर बोटीतून उतरताना भावी सासऱ्याच्या तोंडावर दिसणारा आदर!

सेमिसी म्हणजे माझ्या बायकोचा, आनाचा, धाकटा भाऊ. आमच्याबरोबर इकडे मिल्डुरा गावातच राहतो, माझ्याच शेडमध्ये द्राक्षं पेट्यांत भरतो. त्याचं वावाउच्या मेलेआनेशी लग्न ठरलं होतं आणि तारीख नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर चार आठवड्यांनी होती. तो बिचारा म्हणत होता, "दाजी, आधी जुन्या पासपोर्टवर लग्न करून येतो, मग शपथ घेतो."

मी म्हटलं, "वेडा आहेस. नवरदेव म्हणून कुणीही जातं. तू नागरिक म्हणून जा."

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी नागरिक झालो. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक टोंगन माणसाला मी फुकट सल्ला देतो. कोणता अर्ज, कोणता फोटो, शपथेच्या वेळी पाय किती फाकवून उभं राहायचं, सगळं मला विचारतात. न विचारणाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगतो. सेमिसीला मी बजावलं, की शपथ घेतली की जुना व्हिसा त्याच क्षणी संपतो. नव्या पासपोर्टशिवाय गेलास तर परत येता येणार नाही. पण काळजी कशाला? प्रमाणपत्र हातात आलं की पोस्टात पासपोर्टच्या अर्जाबरोबर दाखवायचं, जादा पैसे भरायचे, आठवड्याच्या आत पासपोर्ट!

शपथविधी झकास झाला. महापौरबाईंनी त्याच्या हातात प्रमाणपत्र दिलं, रोप दिलं. सेमिसी एवढा मोठा गडी, पण रोप असं धरून उभा होता जसं काही तान्हं मूल!

घोळ झाला तो संध्याकाळी, चर्चच्या सभागृहातल्या जेवणात.

आम्हा टोंगन लोकांत भाच्याच्या कुठल्याही समारंभात पहिला मान आत्याचा. बापाची थोरली बहीण. राणीसारखी समोर बसते आणि आलेल्या भेटी तिच्या पुढ्यात मांडल्या जातात. तिथे जे मांडलं ते तिचं झालं. परत मागणं सोडाच, त्याकडे वळून पाहणंसुद्धा वाईट दिसतं. सेमिसीची आत्या लोसेली त्यासाठी खास ऑकलंडहून आली होती. बरोबर दोन बायका, भेटी गुंडाळून उचलायला.

चटया आल्या, झाडाच्या सालीचं कापड आलं, सबंध भाजलेलं डुक्कर आलं. ढीग असा छान रचला होता की मला राहवलं नाही. वाटलं, याचा फोटो सेमिसीच्या सासऱ्याला पाठवावा. म्हणून मी सेमिसीच्या खिशातलं प्रमाणपत्र काढलं, ढिगावर मधोमध ठेवलं आणि चार पावलं मागे सरलो.

फोटो अप्रतिम आला. मोबाइल खाली घेतला तोवर बायकांनी चटया गुंडाळल्या होत्या, प्रमाणपत्रासकट.

सेमिसी समोर बसून सगळं पाहत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. पण परत मागणार कसा? आत्या हसून मान डोलवत होती. भाच्याने आपली सगळ्यांत मोलाची वस्तू आपल्याला वाहिली, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विमानात बसली.

नवीन प्रमाणपत्र मागवावं म्हटलं, तर त्याला किती आठवडे लागतील ते कुणी सांगेना. पोस्टातल्या शेरिलबाईंनी माझा अप्रतिम फोटो शांतपणे पाहिला आणि मूळ कागद आणा म्हणाल्या. सेमिसीने जेवण सोडलं. म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं. आमच्याकडे हे गंभीर लक्षण आहे.

आनाने आत्याला फोन लावला. प्रकृतीची चौकशी झाली, मग सामानात काही जादाचं आलं का, असं आडून विचारलं. आत्या म्हणाली, काही कमी नाही, सगळं पोचलं. दोन दिवसांनी आनाने सांगितलं, की तो कागद फार नाजूक आहे हो, दमट हवेत खराब होईल. आत्याने लगेच त्याला काचेची चौकट करून घेतली. मग मी डोकं चालवलं. प्रमाणपत्राच्या फोटोची मोठी, रंगीत, चकचकीत प्रत करून ऑकलंडला पाठवली. म्हटलं, भिंतीवर ही जास्त शोभेल. आत्याचा निरोप आला, की दोन्ही लावल्या आहेत, शेजारी शेजारी.

दहा दिवस गेले. वावाउहून मेलेआनेच्या बापाने विचारलं, नागरिक बोटीने येणार की पोहत?

त्या दिवशी आनाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. म्हणाली, "तुम्ही आता काही सुचवू नका." आणि फोन घेऊन आत बसली.

तिने कागद मागितलाच नाही. ती म्हणाली, "आत्या, पोरगा पासपोर्ट घ्यायला चाललाय. एवढ्या मोठ्या कामाला त्याच्या बापाकडचं कुणी वडीलधारं नको का? मान तुमचा आहे. कागदही तुमच्याच हातून पुढे गेला पाहिजे."

मग आत्या म्हणाली, "मी वाटच बघत होते तुम्ही कधी बोलावता याची."

आत्या एकटी प्रवास करत नाही. तीन तिकिटं मी काढली.

पोस्टात आत्या काउंटरसमोर खुर्ची ओढून बसली. एका बाईने टॉवेलमधून चौकट काढली, दुसरीने काच पुसली. शेरिलबाई म्हणाल्या, कागद बाहेर काढावा लागेल.

"कशाला?" आत्या म्हणाली. "स्वच्छ दिसतोय की."

"मागची बाजू बघायची आहे."

"मागे काय आहे?"

मी पुढे सरून समजावू लागलो. शेरिलबाईंनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे जावईबापू," आत्या म्हणाली. "ते सल्ला देतात."

रांगेतलं कुणीतरी खोकलं. शेवटी आत्याने स्वतःच्या हाताने खिळे वाकवले, कागद काढला आणि शेरिलबाई तो तपासत असेपर्यंत त्याचा एक कोपरा चिमटीत धरून ठेवला. तपासून झाल्यावर कागद पुन्हा चौकटीत गेला. आत्या इतकी खूश झाली, की शेरिलबाईंना एक चटई मिळाली.

पाचव्या दिवशी पासपोर्ट आला. सेमिसी वेळेवर पोचला, लग्न झालं, सासऱ्याने भर मांडवात निळा पासपोर्ट उघडून पाहिला म्हणे.

आता जमाखर्च. सेमिसीला बायको मिळाली, आत्याला चौकट, शेरिलबाईंना चटई. आत्याला मिल्डुराची कोरडी हवाही मानवली, गुडघे दुखायचे थांबले. पासपोर्ट येईपर्यंत ती आमच्या पलंगावर झोपत होती, मी आणि आना बाहेरच्या खोलीत जमिनीवर.

निघायच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता ती मला म्हणाली, "जावईबापू, तुम्हाला यातलं सगळं कळतं. माझ्यासारखीला, न्यूझीलंडच्या पासपोर्टवाल्या म्हातारीला, इथली नागरिक व्हायचं असेल तर काय करावं लागतं?"

किती दिवसांनी कुणीतरी मला काही विचारलं होतं! आनाने टेबलाखालून लाथ मारली, पण तोवर मी सुरूही झालो होतो.

"काही अवघड नाही, आत्या," मी म्हटलं. "फक्त आधी चार वर्षं इथे येऊन राहायचं."

आत्याने कप खाली ठेवला आणि बरोबरच्या बाईला बॅगा परत उघडायला सांगितलं.